कानाचं मशीन म्हणून विकलेला भोंगा परत घ्या, माझे 2999 रुपये द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव डब्यावर आहे, तुम्हाला माहीतच आहे)

विषय: श्रवणयंत्र सांगून साधा आवाज वाढवायचा डब्बा पाठवल्याबद्दल, अन् पैसे परत मिळण्याबद्दल.

साहेब किंवा मॅडम, जे कोणी वाचत असाल त्यांना नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातला माणूस, वय 68, पाच एकर वावर आहे अन् जवानीची 27 वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून गेली. मी बोलून राहिलो अन् नात मोबाईलवर टाइप करून राहिली. ती मधीमधी माझं 'मले' खोडून 'मला' करते, तर कुठं सुटलं असेल तर समजून घ्या. ती वर्ध्याला बी.कॉम. करते, हे मुद्दाम सांगतो कारण पुढं तिचं काम आहे.

आधी हे सांगतो की मशीन घ्यायची पाळी काहून आली. मागच्या हंगामात कापसाचा व्यापारी दारात आला, भाव बोलला, मला ऐकू आलं आठ हजार शंभर. म्हटलं भर बाप्पा गाडी. 11 क्विंटल काटा झाला अन् हातात पैसे सात हजार शंभरच्या हिशेबानं. मी भांडायला उठलो, गावातले चार माणसं जमा झाले, तर आमची बुढी म्हणते, "अवो, त्यानं सातच म्हटलं होतं, तीनदा म्हटलं." 11 हजाराचा फरक, अन् व्यापारी खोटा नव्हता, माझाच कान खोटा होता. त्या दिवशी मी ठरवलं की आता मशीन घ्यायचंच.

आता गावात एका बुढ्याकडे मशीन आहे, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरात फुकट भेटलेलं, खिशात ठेवायची डबी अन् कानापर्यंत वायर. त्याला त्यात बरं ऐकू येते, खोटं काहून बोलू. पण मला ते गळ्यातलं दोरीवालं मशीन नको होतं, पोट्टे हसतात. ही माझी हौस, त्याचा दोष तुम्हाला नाही. अन् त्याच टायमाला मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3000 रुपये माझ्या खात्यात आले. 65 च्या वरच्या लोकांना चष्मा, काठी, कानाचं मशीन असं घ्यायला ते पैसे भेटतात. अन् चार दिवसांनी मोबाईलवर तुमची जाहिरात, पांढऱ्या कोटातला माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, "वाढत्या वयासाठी कानाचं मशीन, दोन्ही कानांची जोडी, एमआरपी 14999, आज फक्त 2999". मला वाटलं देवच पावला, एक रुपया उरते वरून.

मी लगेच नाही घेतलं, हे पण लिहून ठेवा. तुमच्या माणसाचा फोन आला तेव्हा नातीला स्पीकरवर बसवून विचारलं की बाबा कान तपासावा लागते का, कुठं सेट करून घ्यावं लागते का. तो म्हणे काही गरज नाही, डॉक्टरचे हजार दोन हजार वाचवा, हे ऑटोमॅटिक आहे, कानात घाला अन् ऐका. आता मला सांगा, ज्या माणसानं माझा कान पाहिला नाही त्याला माझ्या कानाला काय पाहिजे ते कसं कळलं?

18 नोव्हेंबरला ऑर्डर केली. आमच्या गावाला कुरिअर येत नाही म्हणून 26 तारखेला कापसाची वेचणी सोडून देवळीला गेलो, 2999 रोख मोजले अन् डबा घेऊन आलो. उघडलं तर कानात घालायच्या दोन गोळ्या, चार्जिंगची डबी, अन् लहान मोठे रबराचे तीन तीन बोंडं. कागद इंग्रजी अन् चिनी.

मग काय झालं ते ऐका. कानात घातलं की शिट्टी. मान वळवली शिट्टी, जेवताना जबडा हलला शिट्टी, नातीच्या लहान भावानं गळ्यात पडून "आबाजी" म्हटलं तर एवढी शिट्टी की तोच दचकला. रबर बदललं, तिन्ही साइज लावून पाहिले, मोठं घातलं तर कान दुखते अन् लहान घातलं तर वाजते. बरं शिट्टी सोडा. पंखा घरघर करते ते ऐकू येते, कुकर, ताट खाली ठेवलं तर बंदुकीसारखं, शेजारची फटफटी तर डोक्यातून गेल्यासारखी. अन् ज्याच्यासाठी घेतलं ते माणसाचं बोलणं? ते पहिल्यापेक्षा मोठं झालं पण तसंच चिखलातलं. आवाज येते, शब्द येत नाही. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला घालून गेलो, पहिली खंजिरी वाजली अन् मी दोन्ही गोळ्या काढून खिशात टाकल्या. रात्री जागलीला वावरात नेलं की रोही, रानडुक्कर आलं तर चाहूल लागेल, तर तिथं फक्त वाऱ्याचा सूं सूं आवाज, डुकरं तुरीत शिरून गेले अन् मला पत्ता नाही.

29 तारखेला, म्हणजे तुमच्या माल परत करायच्या सात दिवसांच्या आत, तक्रार करायला लागलो. तुमच्याकडे तक्रार फक्त फोनवर. कमी ऐकणाऱ्या लोकांना माल विकता अन् तक्रार फोनवर घेता, हिंदीसाठी एक दाबा, अमक्यासाठी दोन दाबा, मला काय दाबायचं तेच ऐकू येत नाही! हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. शेवटी नातीनं फोन लावला. पहिली मॅडम म्हणे आवाज कमी करा. दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणे आठ दिवस वापरा, कानाला सवय होते. म्हणजे सवय होईपर्यंत सात दिवस निघून जातात, हे तो नाही बोलला. तिसऱ्यांदा सांगितलं की कानात घातलेली वस्तू आहे, स्वच्छतेच्या कारणानं परत घेता येत नाही. अहो, कानाचं मशीन कानात न घालता कसं पाहायचं, तोंडात घालून?

मग जे आधी करायला पाहिजे होतं ते नंतर केलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. कानात मळ साचला होता तो आधी काढला, त्यातच थोडं मोकळं वाटलं. मग आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावला, बारीक जाड आवाज सोडत गेले, ऐकू आलं की बटण दाबायचं. असा एकेका कानाचा आलेख निघाला. तिथल्या बाईंनी कागदावर बोट ठेवून समजावलं, मी जन्मात एवढं सोपं ऐकलं नव्हतं. आलेखात 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचे आवाज असतात, जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे. माझी रेघ डावीकडे बरी आहे अन् 2000 च्या पुढं विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. एक तर वय अन् दुसरं जिनिंगचा गोंगाट, कान झाकायला तेव्हा कोण देत होतं. बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज त्याच भागात असतात. बाई म्हणाल्या, आजोबा, 'सात' मधला 'स' गेला की मागं 'आत' उरते, अन् 'आत' काय अन् 'आठ' काय, तुमच्या कानाला एकच. मी खुर्चीवरच हसलो, 11 हजाराचं कोडं सुटलं.

मग तुमच्या गोळ्या दाखवल्या. त्यांनी सांगितलं की हे सगळेच आवाज सारखे वाढवते. मला पंख्याची घरघर आधीच ऐकू येते, ती अजून वाढवून काय उपयोग, उलट ती 'स' ला दाबून टाकते. खऱ्या मशीनमध्ये आलेख पाहून जिथं कमी आहे तिथंच आवाज भरतात, दोन्ही कानांचा वेगवेगळा, अन् अचानक मोठा आवाज आला तर मशीन त्याला एका हद्दीच्या वर जाऊ देत नाही. असा मोजमाप न करता जोराचा आवाज रोज कानात गेला तर उरलेला कान पण खराब होऊ शकते, हे ऐकून मात्र मला हसू नाही आलं.

आता नातीचं काम. वयोश्रीच्या पैशाचं बिल द्यावं लागते म्हणून तिनं तुमचं बिल काढलं. वस्तूची किंमत 2541.53, त्यावर आयजीएसटी 18 टक्के, 457.47. ती म्हणते आबाजी थांबा, श्रवणयंत्रावर जीएसटी नसतेच, शून्य आहे. मग तिनं एचएसएन नंबर पाहिला, म्हणजे टॅक्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर. श्रवणयंत्राचा 9021 पाहिजे, तुमच्या बिलावर 8518 आहे. म्हणजे माईक, भोंगे, हेडफोन, अँप्लिफायर यांचा खाना. जाहिरातीत कानाचं मशीन अन् सरकारच्या कागदावर भोंगा! मला सांगताना डॉक्टरचा कोट घालता अन् टॅक्स भरताना कोट काढून ठेवता. मी कमी ऐकतो साहेब, पण मला वाचता येते. आता हे बिल मी श्रवणयंत्राचं म्हणून कोणत्या तोंडानं देऊ?

म्हणून माझं म्हणणं असं की पूर्ण 2999 परत करा, देवळीला जायचं भाडं मी सोडून देतो. मशीन तुमच्या माणसानं घरून घेऊन जावं, गावात गाडी येत नसेल तर नाक्यावर आणून देईन. बदलून दुसरं मॉडेल, कूपन, वर्षभराची वॉरंटी वाढवून वगैरे काही नको, तसं विचारणारा तुमचा फोन पण येऊन गेला. अन् तुम्ही म्हणत असाल की हे श्रवणयंत्रच आहे, तर तसं लेटरहेडवर लिहून द्या अन् 9021 चं बिल द्या, मग 457.47 रुपये कशाचे घेतले ते पण लिहा. तिसरा रस्ता मला दिसत नाही. जाहिरातीत 'आवाज वाढवायचं यंत्र' असं लिहून विका, काही तक्रार नाही, कोणाला टीव्ही पाहायला लागत असेल तो घेईल.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासात द्यायची अन् महिन्याच्या आत निकाल लावायचा असं आहे. पोच नाही आली तर मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, नातीकडून फोन लावीन, अन् तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्यानं मी राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, म्हणजे वर्ध्याला, अन् एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. तुमच्या वकिलाला यावं लागेल, मी तर तसाही बाजारासाठी वर्ध्याला येत जात असतो.

वर्ध्याच्या एका सेंटरमध्ये आलेख दाखवून कानामागचं साधं डिजिटल मशीन अर्धा तास लावून पाहिलं. एका कानाचं साडेनऊ हजार सांगतात, सेट करून देतात, नंतर दोनदा येऊन आवाज कमीजास्त करून घ्या म्हणतात. आधी एकाच कानाचं घेईन, तूर विकली की. तुमच्याकडचे 2999 त्यात धरले आहेत, म्हणून घाई.

सोबत बिलाचा फोटो, डब्याचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट अन् आलेखाची कॉपी जोडली आहे. उत्तर लिहून पाठवा. फोन करू नका, नात कॉलेजात असते अन् मला ऐकू येत नाही.

आपला,
एक ग्राहक
ता. देवळी, जि. वर्धा