खिचडी कोणी केली?

महोदय,

‘मानवी बंधुत्व दिना’वरचं कालच्या अंकातलं आपलं स्फुट वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. ख्रिस्ती-मुस्लिम प्रार्थनासभांना स्फुटलेखकांनी ‘धर्मांची खिचडी’ म्हटलं आहे आणि शेवटी ‘अशा प्रार्थनांनी कुठलं युद्ध थांबलं?’ असं विचारलं आहे.

खिचडी कोणीही केलेली नाही. 27 ऑक्टोबर 1986 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मप्रमुखांना इटलीतल्या असिसीला बोलावलं, तेव्हा प्रार्थनेसाठी गावात वेगवेगळ्या जागा दिल्या होत्या. नंतर सगळे एका चौकात जमले आणि तिथेही पाळीपाळीने ज्याने त्याने आपली प्रार्थना म्हटली. बाकीच्यांनी ती शांतपणे ऐकली. जून 2014 मध्ये व्हॅटिकनच्या बागेत इस्रायलचे अध्यक्ष पेरेस आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास आले, तेव्हाही ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम प्रार्थना एकापाठोपाठ एक, वेगवेगळ्याच झाल्या. लिहिण्याआधी एवढं तपासायला हवं होतं.

मला हे एवढं लागलं त्याला कारण आहे. मी अबू धाबीत एकोणीस वर्षं नोकरी केली. तेव्हा तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, त्यामुळे सेंट जोसेफ चर्चमधली आमची मोठी गर्दीही शुक्रवारीच. शेजारी मशीद. 2013 साली अशाच एका शुक्रवारी सकाळी वसईहून फोन आला, आई गेली. विमान रात्रीचं मिळालं. कंपनीचा ड्रायव्हर पेशावरचा होता, तो मला खोलीवर एकटं सोडायला तयार होईना. त्यानेच मला चर्चला नेलं. जुम्म्याची वेळ झाली तसा तो मशिदीत गेला आणि नमाज आटोपून परत आला, तो थेट माझ्या बाकावर येऊन बसला. माझ्या हातात रोझरी, त्याच्या हातात तसबीह, म्हणजे दोघांच्याही जपमाळाच. दोघेही आपापले मणी ओढत किती वेळ बसलो कोण जाणे. त्याने क्रूसाची खूण केली नाही, मी कलमा वाचला नाही. उठताना तो एवढंच म्हणाला, “आपकी माँ के लिए भी माँगा.” त्या दिवशी आमच्या दोघांत कुणाचा धर्म बाटला, हे स्फुटलेखकांनी मला सांगावं.

2017 साली त्याच मशिदीला ‘मरियम उम्म ईसा’ हे नाव दिलं गेलं. येशूची आई मरियम. 2019 च्या 5 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, मी अबू धाबीच्या झायेद स्टेडियममध्ये होतो. आदल्या दिवशी त्यांनी आणि इजिप्तमधल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे शेख अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या ज्या दस्तऐवजावर सह्या केल्या, त्यामुळेच तर 4 फेब्रुवारी हा मानवी बंधुत्व दिन झाला. स्फुटात त्याचा साधा उल्लेखही नाही.

राहिला युद्धाचा प्रश्न. पेरेस-अब्बास भेटीनंतर महिन्याभरात गाझात युद्ध पेटलं, हे मला ठाऊक आहे. पण मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, बांगीमध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या, तेव्हा तिथल्या आर्चबिशपांनी एका इमामाला कित्येक महिने आपल्या घरात आसरा दिला. गावोगावी फिरून शांततेसाठी बोलणारी हीच माणसं होती. नोव्हेंबर 2015 मध्ये पोप तिथल्या वेढलेल्या मुस्लिम वस्तीतल्या मशिदीत गेले. युद्ध तेवढ्याने संपलं नाही, पण त्या घरात इमामाचा जीव वाचला. तो हिशेबात धरायचा नाही का?

आणखी एक. आपल्या पुरवणीत पवित्र मिस्सेला दरवर्षी ‘ख्रिस्ती पूजापाठ’ लिहिलं जातं आणि नाताळची बातमी सांताक्लॉजच्या चित्राशिवाय येत नाही. वसईत आम्ही पिढ्यान् पिढ्या मराठीतच प्रार्थना म्हणतो. मिस्सा हा शब्द आपल्या वार्ताहराने वसईतल्या कुठल्याही घरी विचारला असता तर कळला असता. मागच्या डिसेंबरात याबद्दल पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाही, निदान हे तरी छापावं.

एक वाचक, वसई