प्रणयकथेतील कलह आणि तालमीचा हॉल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत बॅले-नर्तकांच्या आयुष्यावर बेतलेल्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांचा परामर्श घेणारा लेख वाचला. भांडणारे, दुरावणारे आणि शेवटच्या प्रकरणात पुन्हा जवळ येणारे नायक-नायिका ही या कादंबऱ्यांची ठरीव चौकट असून त्यांतला कलह अतिरंजित आणि शेवट भाबडा असतो, असा लेखकमहोदयांचा एकूण सूर आहे. मी डोंबिवलीत गेली २२ वर्षे एक छोटे खासगी वाचनालय चालवते. या कादंबऱ्या माझ्या टेबलावरून रोज जातात-येतात, त्यांतल्या बऱ्याच मी वाचल्याही आहेत, आणि माझी तक्रार लेखकमहोदयांच्या तक्रारीच्या जवळजवळ उलट आहे. गोड शेवटाला माझी हरकत नाही, कारण रहस्यकथेत खुनी सापडणार हे जसे वाचकाला आधीच ठाऊक असते, तसेच प्रणयकथेत दोघे एकत्र येणार हेही ठाऊक असते आणि त्यासाठीच ती घरी नेली जाते. कलह अतिरंजित असतो हेही मला पटत नाही. बॅलेचा खरा इतिहास पाहिला तर तो कमीच पडतो. मला खटकते ते एवढेच, की या कादंबऱ्या कलहाचे कारण भलत्याच ठिकाणी शोधतात.

बहुतेक कादंबऱ्यांत नायक हा बॅले-कंपनीचा आघाडीचा नर्तक असतो, अबोल आणि तापट. नायिका समूहनृत्यातून नुकतीच पुढे आलेली असते. तो तिला सर्वांदेखत घालून-पाडून बोलतो, ती दुसऱ्या कोणाबरोबर नाचली की तालीम अर्धवट टाकून निघून जातो, आणि दोनशे पानांनंतर आपल्याला कळते की लहानपणी त्याला वडिलांनी टाकले होते, म्हणून हे सारे. जखम कळली, रडणे झाले, माफी मिळाली. माझ्याकडे परत आलेल्या अशाच एका प्रतीत ‘तू माझ्याशिवाय कोणाबरोबरही नाचणार नाहीस’ अशा अर्थाच्या वाक्याखाली कोणीतरी पेन्सिलीने ठळक रेघ ओढली होती. कार्डावरून नाव पाहून त्या महाविद्यालयीन मुलीला विचारले, तेव्हा ती लाजून म्हणाली, “काकू, कोणाला तरी आपण इतके हवे असावे असे वाटतेच ना!” नंतर तीच प्रत बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी नेली. परत करताना त्या एवढेच म्हणाल्या, “हा गृहस्थ आमच्या शाखेत असता, तर दुसऱ्याच महिन्यात तक्रार समितीपुढे उभा राहिला असता.”

त्या बाईंनी नेमके बोट ठेवले, असे मला वाटते. बॅलेमधील जोडपे एकाच घरात राहते आणि एकाच ठिकाणी नोकरीही करते. रात्री कितीही भांडण झालेले असो, सकाळी कंपनीच्या सरावाच्या वर्गात दोघांना भिंतीलगतचा दांडा धरून उभे राहावे लागते आणि दुपारी तालमीत त्याचे हात तिच्या कमरेवर असावे लागतात. ‘द स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेच्या शेवटच्या अंकातील युगुलनृत्यात एक प्रसिद्ध जागा आहे. नर्तिका पायाच्या टोकावर गिरक्या घेता घेता एकदम पुढे झेपावते, तिचा चेहरा जमिनीपासून हातभर अंतरावर येतो, एक पाय साथीदाराच्या पाठीमागे अडकलेला असतो, आणि पुष्कळदा तो त्या अवस्थेत आपले दोन्ही हात मोकळे करून दाखवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तिथे अर्ध्या क्षणाचा अबोलासुद्धा परवडत नाही, कारण तिने उडी नीट दिली नाही तर भार त्याच्या कमरेवर येतो आणि त्याचा हात चुकला तर तिचे नाक फुटते. कादंबरीकार मात्र या झेपेचे वर्णन करताना दोघांच्या श्वासांविषयी दीड पान लिहितात आणि झेप कशी घेतली जाते ते सांगायचे विसरतात.

घरची जोडी रंगमंचावरही जोडीच असेल, असेही नसते. नर्तिका पायाच्या टोकावर उभी राहिली की तिची उंची चांगलीच वाढते, तेव्हा तिच्याबरोबर कोण नाचणार हे पुष्कळदा प्रेमावर नव्हे, तर इंचांवर ठरते. ते ठरवण्याचा अधिकार दिग्दर्शकाच्या हाती असतो आणि तो निर्णय भूमिकांच्या यादीच्या रूपाने जाहीर होतो. या यादीने संसाराचे काय होऊ शकते, याचा १९६९चा न्यूयॉर्क सिटी बॅलेमधला दाखला सर्वश्रुत आहे. कंपनीचे सर्वेसर्वा जॉर्ज बालांशीन तेव्हा ६५ वर्षांचे होते. २३ वर्षांच्या सुझान फॅरेलसाठी त्यांनी एकामागून एक नृत्ये रचली होती आणि त्यांचे मन तिच्यात किती गुंतले आहे, हे साऱ्या कंपनीला माहीत होते. फॅरेलने त्याच कंपनीतल्या पॉल मेहिया या तरुण नर्तकाशी लग्न केले. मेहियाच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका कमी होऊ लागल्या. ‘सिंफनी इन सी’ या बॅलेमधली भूमिका त्याला दिली नाही तर आम्ही दोघेही जातो, असे नवराबायकोने कळवले, आणि दोघांनाही जावे लागले. पुढे ब्रुसेल्सला नृत्यदिग्दर्शक मॉरिस बेजारच्या कंपनीत त्यांनी आसरा घेतला. फॅरेल न्यूयॉर्कला परतली ती १९७५ मध्ये. या साऱ्या प्रकरणात बालपणीची जखम कोणाची होती, ते मला ठाऊक नाही. यादी मात्र होती.

लेखात मार्गो फॉन्टेन ही नर्तिका आणि रुडॉल्फ नुरेयेव हा नर्तक यांचा ‘बॅलेतील आदर्श प्रेमकथा’ असा उल्लेख आहे. १९६२च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये ‘जिझेल’ हे नृत्यनाट्य ते पहिल्यांदा एकत्र नाचले तेव्हा ती ४२ वर्षांची होती आणि तो २३ वर्षांचा. त्यांच्यात रंगमंचाबाहेर काय होते, यावर आजही एकमत नाही, आणि ते होऊही नये. पण लेखकमहोदयांना प्रेमकथाच हवी असेल, तर त्यांनी ९ फेब्रुवारी १९६५ची रात्र जरूर पाहावी. त्या रात्री लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात रॉयल बॅले कंपनीने बसवलेल्या, नृत्यदिग्दर्शक केनेथ मॅकमिलन यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा पहिला प्रयोग झाला, फॉन्टेन-नुरेयेव नाचले, पडदा ४३ वेळा वर गेला आणि टाळ्या जवळपास ४० मिनिटे थांबल्या नाहीत, असे सांगतात. ती ज्युलिएट मॅकमिलननी फॉन्टेनसाठी रचलेलीच नव्हती. ती रचली होती लिन सिमोर आणि ख्रिस्तोफर गेबल या तरुण जोडीवर, त्यांच्याच अंगाने, त्यांच्याच तालमींतून. अमेरिकेच्या दौऱ्यात मोठी नावे हवीत, या हिशेबाने पहिला प्रयोग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि आपल्या भूमिका इतर जोड्यांना शिकवण्याचे कामही त्यांच्याच माथी आले. सिमोर त्याआधी गरोदर होत्या. ही भूमिका हातची जाऊ नये म्हणून त्यांनी गर्भपात करून घेतला होता. त्यांचे पती कॉलिन जोन्स हे स्वतः पूर्वी नर्तक होते आणि पुढे छायाचित्रकार झाले. तो विवाह टिकला नाही. सिमोर दुसऱ्याच वर्षी मॅकमिलनबरोबर बर्लिनला गेल्या आणि गेबलनी १९६७ मध्ये कंपनी सोडून अभिनयाची वाट धरली.

आणि त्याच रात्री टाळ्या घेणाऱ्या फॉन्टेनच्या घरी काय चालले होते? त्यांचे पती रोबेर्तो आरियास यांच्यावर १९६४च्या जूनमध्ये पनामात गोळ्या झाडण्यात आल्या होत्या आणि त्यांना कायमचे अपंगत्व आले होते. निवृत्तीच्या वयात फॉन्टेन नाचत राहिल्या, त्यामागे पतीच्या शुश्रूषेचा खर्च हेही एक कारण होते. पडद्यासमोर चौदाही पूर्ण न झालेली ज्युलिएट आणि पडद्यामागे ही दोन घरे! कोणत्याही तापट नायकाची गरज न पडता यात तीन कादंबऱ्यांचा ऐवज आहे. आपल्याकडेही बालगंधर्व आणि गोहरबाई यांचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी गोहरबाईंच्या स्वभावावर येऊन थांबते, हे या निमित्ताने आठवले.

लेखातील आणखी एक विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. नर्तिकांच्या बुटांचे टोक लाकडाचे असते, असे त्यात म्हटले आहे. तसे ते नसते. कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक बसवून ते कडक केलेले असते आणि घामाने भिजले की ते मऊ पडू लागते. माझी मुलगी सहा वर्षे दर शनिवारी मुंबईला बॅले शिकायला जात असे, म्हणून हे माहीत. नव्या बुटांचा खटखटाट कमी व्हावा यासाठी ती ते जिन्याच्या पायरीवर आपटत असे आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येत असत. साधा शिवणदोरा तुटतो म्हणून फिती मी दात साफ करायच्या दोऱ्याने शिवून देत असे, आणि त्यांची टोके सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरत असे. मोठ्या कंपनीतल्या आघाडीच्या नर्तिकेचा एक जोड कधी कधी एकाच प्रयोगात निकामी होतो. कादंबऱ्यांमध्ये मात्र हे बूट नेहमी गुलाबी, नवेकोरे आणि नायकाच्या पलंगाशेजारी पडलेले असतात.

अमेरिकन नर्तिका गेल्सी कर्कलंड यांचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र माझ्या वाचनालयात नाही. मी ते एका परिचितांकडून आणून वाचले. मिखाईल बारिश्निकोव्ह हे त्यांचे नृत्यातले आणि काही काळ आयुष्यातलेही साथीदार होते. ती एका बाजूची हकीकत आहे, हे मान्य करूनही सांगते, की त्यात प्रेमाचे कडवटपण, उपासमार, कोकेन आणि हाडे दिसतील इतके बारीक असण्याचा आग्रह या चार गोष्टी एकमेकींपासून सोडवताच येत नाहीत. कादंबरीकारांनी हे सारे घ्यावे असे मी म्हणत नाही. प्रणयकथेला तिचा हलकेपणा असू द्यावा. पण नायकाला शेवटी क्षमा मिळायची असेल, तर ती फुलांच्या गुच्छावर मिळू नये. ज्या हॉलमध्ये त्याने तिला सर्वांदेखत सुनावले, त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर त्याने ते शब्द मागे घ्यावेत, आणि तिच्या पुढच्या भूमिकेत दुसरा साथीदार आला तर बाजूला बसून ती तालीम शेवटपर्यंत पाहावी. असे एक जरी प्रकरण लिहिले गेले, तर पुढचा गोड शेवट मला अजिबात भाबडा वाटणार नाही.

लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी प्रसिद्ध होणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात ज्या कादंबऱ्यांचा विचार होईल, त्यांतल्या किती कादंबऱ्यांत भूमिकांची यादी कोण तयार करतो हे सांगितलेले आहे, तेवढे लेखकमहोदयांनी पाहून कळवावे, ही विनंती. त्यांतली एखादी सापडली, तर वाचनालयासाठी तिच्या दोन प्रती मागवायच्या आहेत.

आपली विश्वासू,
एक वाचनालय-चालक, डोंबिवली (पूर्व)