कार्बोरेटर उघडला म्हणून वॉरंटी नाही? मग तसं लेखी द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मोठ्या बोअरचं सिलिंडर किट, २१ मिलिमीटरचा कार्बोरेटर आणि त्याबरोबर दिलेलं जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूंचं) पाकीट. जेटवर खोटे आकडे, त्यापायी जाम झालेला पिस्टन आणि तुमच्या हेल्पलाइनची भाषा.

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन संपला. संपला म्हणजे तुमच्या माणसाने ठेवला.

तुम्ही काय विकता हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो, त्यामुळे टू-स्ट्रोक म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. गाडी जुनी किनेटिक होंडा, मूळची ९८ सीसी. तिच्यावर तुमचं किट बसवलं. किट रस्त्यावर वापरण्यासाठी नाही हे पावतीवर छापलेलं आहे आणि मी गाडी रस्त्यावर काढतही नाही. घरच्या काजूच्या बागेच्या वर सडा, म्हणजे मोकळं कातळी पठार आहे, तिथे चालवतो. तेव्हा आधीच्या एका फोनवर तुमच्या बाईंनी मला मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचून दाखवलं, त्याची काही गरज नव्हती. पैसे घेताना हे कलम कुठे गेलं होतं?

आता मुद्दा. कार्बोरेटरमध्ये तुम्ही ८८ नंबरचा मेन जेट बसवून पाठवला होता. त्यावर गाडी बरी चालली. पूर्ण रेसवर ओढून तिथेच इंजिन बंद केलं, प्लग काढून बघितला, तर रंग जरा फिकट, म्हणजे पेट्रोल जरा कमी. वाईट नाही, पण नव्या सिलिंडरला मला थोडं जास्त पेट्रोल द्यायचं होतं. लीनपेक्षा (पेट्रोल कमी) रिच (पेट्रोल जास्त) परवडलं, फार तर धूर होईल आणि प्लग काळा पडेल. तुमच्या पुस्तिकेतही तेच आहे: "शंका असल्यास मोठा जेट लावा." मी पाकिटातला ९२ लावला.

पुढच्याच लांब ओढीत इंजिन जाम. किक खाली जाईना. गार झाल्यावर हेड काढलं, सिलिंडर वर घेतला, तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि रिंग चिकटलेली. प्लग खडूसारखा पांढरा. मोठा जेट लावल्यावर प्लग पांढरा होतो हे तुमच्या तांत्रिक विभागातल्या कुणी आजवर बघितलं असेल, तर त्याने मला जरूर कळवावं.

दोन्ही जेट घेऊन मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या एका टूलरूममध्ये गेलो आणि पिन गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पिना भोकात घालून, मोजून घेतले. आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, हे तुमच्याच पुस्तिकेत आहे. म्हणजे ८८ ला ०.८८ आणि ९२ ला ०.९२ मिलिमीटर. निघालं काय? ८८ लिहिलेल्या जेटमधून ०.९१ ची पिन आरपार गेली. ९२ लिहिलेल्यात ०.८६ ची गेली, ०.८७ ची अडकली. मोठा म्हणून विकलेला जेट लहान आणि लहान म्हणून विकलेला मोठा.

भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून जरा हिशेब करा. आकड्यांवर विश्वास ठेवून मला वाटलं, मी पेट्रोल सुमारे नऊ टक्क्यांनी वाढवतोय. प्रत्यक्षात ते दहा-अकरा टक्क्यांनी कमी झालं. तेही पूर्ण रेसवर, जिथे सगळा भार मेन जेटवर असतो आणि कमी रेसवर काम करणारे निडल किंवा पायलट जेट मदतीला येत नाहीत. ट्यूनिंग म्हणजे दुसरं काय असतं हो? एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचं आणि प्लग बघायचा. आकडाच खोटा असेल तर काय, देवाला कौल लावून जेट निवडायचा?

हे सगळं मी आज तुमच्या माणसाला शांतपणे सांगितलं. संभाषण जसं झालं तसं लिहितो, कारण तुम्ही ते "गुणवत्तेसाठी" रेकॉर्ड करता असं सुरुवातीला ऐकवता. काढून ऐका.

"सर, आकडा चुकीचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मोजून."

"म्हणजे तुम्ही जेट बाहेर काढला?"

"हो."

"म्हणजे कार्बोरेटर उघडला?"

मेन जेट फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीच्या, आत असतो. तुमच्या या कार्बोरेटरमध्ये बाऊल न काढता तिथे पोचायची वाट मला तरी सापडलेली नाही. मी म्हटलं, हो, उघडला.

"सर, कार्बोरेटर उघडला असेल तर वॉरंटी रद्द होते."

"मग जेट बदलायचा कसा?"

"सर, जेट बदलता येतो."

"न उघडता?"

"सर, ते पुस्तिकेत दिलंय."

पुस्तिका माझ्यासमोरच होती. मी वाचून दाखवलं: "बाऊलचे स्क्रू काढा, बाऊल खाली घ्या, मेन जेट फिरवून बाहेर काढा." पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग हे महाशय म्हणतात, "सर, पुस्तिका फक्त माहितीसाठी असते."

फक्त माहितीसाठी! माझी समजूत होती, त्यात सजावटीची चित्रं असतात.

मी विचारलं, मग उघडायचा कुणी? म्हणे अधिकृत मेकॅनिकने. गोव्यात अधिकृत मेकॅनिक कुठे आहे? "गोव्यात नाही सर, तुम्हाला जवळचा पुण्याचा पडेल." डिचोलीहून पुणं चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. एका जेटसाठी मी चोर्ला घाट चढून पुण्याला जायचं, तिथे तुमच्या माणसाने बाऊलचे स्क्रू काढायचे आणि त्याने काढले की ते उघडणं होत नाही! वर हसून विचारतो, "गोव्यात राहता सर, मजा आहे तुमची." त्यावर मी कोंकणीत जे बोललो ते त्याला कळलं नसावं. शेवटी म्हणाला, "लावण्याआधी तुम्ही जेट मोजून घ्यायला हवा होता." आणि फोन ठेवला.

म्हणजे पेट्रोल पंपावर जाताना खिशात लिटरचं माप ठेवायचं आता.

आधीच्या फोनवर मिळालेल्या सल्ल्यांबद्दलही लिहितो, कारण ते ऐकून आणखी कुणाचा तरी पिस्टन जाईल. एकाने सांगितलं, गोव्यात हवा दमट म्हणून प्लग पांढरा पडतो. उलट आहे. हवेत वाफ जास्त म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी, मिश्रण रिचकडे झुकतं. दुसऱ्याने सांगितलं, सुरक्षिततेसाठी पेट्रोलमध्ये थोडं जास्त टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल) घाला. त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं आणि आधीच लीन असलेलं इंजिन आणखी लीन होतं. तिसरा म्हणाला, हवेची गळती असेल. ती शंका मी फोन करण्याआधीच तपासली होती. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीच्या) सांध्यांवर स्प्रे मारून बघितला; गळती असती तर आयडल, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा वेग, बदलला असता, पण तो तसूभरही हलला नाही. रेस सोडली की इंजिन लगेच खाली येत होतं, वर लोंबकळत राहत नव्हतं.

आणि तुमचा तो जेटचा तक्ता. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की चाचण्या समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर केल्या. तिथली हवा विरळ, तिथे लहान जेट चालतो. इथे खाली हवा दाट, जेट मोठा लागतो. ही दुरुस्ती तक्त्यात कुठेच नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही उल्लेख नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९ च. म्हणजे त्याच जेटवर हे पेट्रोल लीन चालतं. उंचीची दुरुस्ती मी केली असती, इथेनॉलचीही केली असती, एक-दोन नंबर वर जाऊन. पण वर जायला निघालेला माणूस खाली पोचतो, कारण तुमचा ९२ हा ८६ आहे. पुन्हा लिहितो: तुमचा ९२ हा ८६ आहे.

तुमच्या कंपनीचं नाव मी स्वतः चार पोरांना सांगितलं होतं. त्यातल्या दोघांनी किट मागवलंही. आता त्यांना मीच सांगतोय की जेट आधी मोजून घ्या, नाहीतर बसवू नका. ही जाहिरात फुकट आहे.

मला हवंय ते असं. सिलिंडर, पिस्टन आणि रिंग बदलून द्या. पाकिटातले सगळे जेट परत घ्या आणि मोजलेले द्या. आणि "कार्बोरेटर उघडला म्हणून वॉरंटी रद्द" हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह द्या. सिलिंडर एक वेळ नाही मिळाला तरी हा कागद मला हवाच आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी मला पुण्याला यावं लागणार नाही. यावं लागेल ते तुम्हाला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फीही नाही. जाम झालेला पिस्टन, दोन्ही जेट, पावती आणि टूलरूमने लिहून दिलेली मापं माझ्याकडे आहेत. यातलं काहीही "तपासणीसाठी" कुरिअरने पाठवणार नाही. बघायचं असेल तर माणूस पाठवा, मी त्याच्यासमोर मोजून दाखवतो.

उत्तर लेखीच द्या. फोन करू नका.

तुमचा ग्राहक,
डिचोली, गोवा