गळती कोणत्या प्रकारची, हे आधी विचार

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काल रात्री मिळाला आणि मी तो दोनदा वाचला. 'तुझ्या आईला क्लिप बसवल्यावर ती हिंडूफिरू लागली, मग बाबांनाही तेच करून घ्यावे का?' हा तुझा प्रश्न फोनवर घाईघाईत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. पण हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आणि ती गळू लागली की तिच्या पाकळ्या मधोमध धरून ठेवणारी ही क्लिप, यांविषयी गेले दीड वर्ष जे विचारले, वाचले आणि डोळ्यांनी पाहिले, ते तुला सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

आईची हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वीच्या हार्ट अटॅकनंतर तिच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आले होते. डावा खालचा कप्पा हळूहळू फुगत गेला आणि त्याच्या भिंतीशी बारीक तारांनी बांधलेल्या मायट्रल झडपेच्या दोन्ही पाकळ्या भिंतीबरोबर ओढल्या जाऊन मध्ये मिटेनाशा झाल्या. दार धड होते, चौकट वाकली होती. दर ठोक्याला पुढे जायचे रक्त काही अंशी मागे फिरत असे आणि त्याचा दाब फुप्फुसांवर येत असे. तीन उशा लावूनही तिला आडवे होता येत नसे. पहाटे तीनच्या सुमारास ती खिडकी उघडून, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली मला कितीदा तरी दिसली आहे.

ज्या रुग्णालयात आम्ही पहिल्यांदा गेलो, तिथे पुढच्याच आठवड्यात क्लिप बसवून टाकू असे सांगितले गेले. औषधांची मात्रा पुरेशी आहे का, हे कोणी पाहिलेच नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दुसरे मत घेतले तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी तीन महिने गोळ्या बेताबेताने वाढवल्या आणि तसे का, हेही नीट समजावले. २०१८ साली या क्लिपवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. फ्रान्समधल्या ३०४ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरानंतर क्लिपचा काही फायदा दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या 'कोॲप्ट' अभ्यासात मात्र दोन वर्षांत नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ४६ टक्के, तर क्लिप बसवलेल्यांपैकी २९ टक्के रुग्ण दगावले. दोन अभ्यासांत हा फरक का पडला, याचा पुष्कळ खल झाला आहे. 'कोॲप्ट'मध्ये औषधे आधी पुरेपूर देऊन पाहिली होती आणि हृदय फार फुगलेले नसताना गळती मात्र मोठी होती, असेच रुग्ण निवडले होते, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. आई तीन महिन्यांनंतर नेमकी त्या गटात बसली, म्हणून आम्ही होकार दिला.

प्रत्यक्ष काम कॅथ लॅबमध्ये, म्हणजे शिरेतून नळ्या घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, पूर्ण भूल देऊन झाले. उजव्या मांडीच्या शिरेतून एक नळी वर हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात, दोन्ही वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून ती डावीकडे घेतात, आणि तिच्यातून क्लिप झडपेच्या वर आणतात. छाती उघडायची नसते आणि हृदय थांबवायचेही नसते. धडधडत्या हृदयात, अन्ननलिकेत घातलेल्या इकोच्या चित्रावर नजर ठेवून हे सारे करायचे असते. डॉक्टरबाईंनी ते चित्रण मला नंतर दाखवले. पडद्यावर निळ्या-पिवळ्या रंगाचा झोत दर ठोक्याला वर उसळत होता. क्लिपने पाकळ्या धरल्या, पण एक पाकळी अर्धवटच हाती आली होती. त्यांनी क्लिप उघडून ती सोडली आणि पुन्हा धरली. या वेळी तो झोत एकदम दोऱ्याएवढा बारीक झाला. झडपेचे तोंड फार अरुंद तर झाले नाही ना, हे दाब मोजून पाहिल्यावरच क्लिप कायमची सोडली. मांडीवर एकच टाका होता, तोही दुसऱ्या दिवशी काढला.

ही युक्ती मुळात एका शल्यविशारदाची. इटलीतल्या ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये गळक्या झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडल्या. मधे जोड आणि दोन्ही बाजूंना एकेक वाट, अशी चष्म्यासारखी रचना झाली. तेच काम नळीतून क्लिपने करण्याचा पहिला प्रयोग माणसावर २००३ साली व्हेनेझुएलात झाला.

आता काकांविषयी. त्यांच्या रिपोर्टात पंपिंग ६० टक्के, म्हणजे अगदी व्यवस्थित आहे, आणि मागच्या पाकळीची तार तुटून ती पाकळी वरच्या कप्प्यात फडफडते, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे त्यांची चौकट उत्तम आहे, दारच निखळले आहे. आईच्या नेमके उलट! अशा झडपेची शस्त्रक्रियेने केलेली दुरुस्ती, ती निष्णात हातांनी झाली तर, वर्षानुवर्षे टिकते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७९ रुग्णांच्या अभ्यासात क्लिप बसवलेल्यांपैकी २० टक्क्यांना वर्षभरातच झडपेसाठी शस्त्रक्रिया करावी लागली, तर क्लिपऐवजी सुरुवातीलाच शस्त्रक्रिया केलेल्यांत ती पुन्हा करावी लागण्याचे प्रमाण जेमतेम २ टक्के होते. क्लिपमध्ये सुरुवातीचा धोका कमी होता, हेही तितकेच खरे. तेव्हा काकांना शस्त्रक्रिया झेपणार नाही असे कोणी म्हणाले, तर ते कशावरून, हे विचार. ७६ हे नुसते वय पुरेसे कारण नाही. मूत्रपिंड, फुप्फुसे आणि एकूण ताकद पाहून हृदयाच्या शल्यविशारदाने स्वतः तसे सांगितले पाहिजे. खरोखरच झेपणार नसेल, तर क्लिप हा चांगला मार्ग आहे आणि तेव्हा मीच तुला आग्रह करीन.

वहिनी फोनवर 'फुग्याने झडप उघडतात' म्हणाल्या, ते वेगळे. ते सांधेतापाने आकसलेल्या, अरुंद झालेल्या झडपेसाठी असते. 'टावी', म्हणजे नळीतून नवी झडप बसवणे, हीसुद्धा निराळी; ती महाधमनीच्या झडपेसाठी. काकांचा या दोहोंशी संबंध नाही.

आईची क्लिप झाली म्हणजे आजार संपला, असेही समजू नकोस. तिचे हृदय दुबळेच आहे; 'कोॲप्ट'मधल्या क्लिप बसवलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांत गेले, हे मी जाणून आहे. गोळ्या तितक्याच आहेत, मीठ मोजून आहे, आणि दात काढायचा झाला तरी आधी प्रतिजैविक घ्यायचे आहे. पण आता ती एका उशीवर रात्रभर झोपते. मला पहाटे जाग येते, मी तिच्या दाराशी जाऊन तिचा श्वास ऐकतो आणि परत येऊन पडतो.

काकांचा अन्ननलिकेतून करायचा इको अजून झालेला नाही, तो आधी करून घे. कोणता भाग सुटला आहे आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे का, हे त्यातच नीट दिसेल. मी शनिवारी दुपारी तुझ्याकडे येतो. शल्यविशारदांची वेळ त्यानंतरची घे, म्हणजे विचारायचे प्रश्न आपण दोघे बसून लिहून काढू. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मित्र