जॅकेटची गाठ सुटायला हवी

महोदय,

उन्हाळी इंटर्नशिप संपली म्हणून कंपनीने आम्हा सगळ्यांना पणजीत मांडवीवर संध्याकाळची बोटसफर घडवली. मजा आली. मिरामारकडे सूर्य कलत होता, पलीकडच्या तीरावर रेईश मागूशचा किल्ला दिसत होता आणि एरवी कामापुरतेच बोलणाऱ्या आमच्या मॅडम डेकवर चक्क फुगडी घालत होत्या!

लाइफ जॅकेट मात्र छताखालच्या रॅकमध्ये नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली. माझ्या मैत्रिणीला पोहता येत नाही. तिने जॅकेट मागितले, तर "नदी आहे हो, समुद्र थोडाच आहे," असे उत्तर मिळाले. मी ती गाठ सोडवून पाहिली. नखे दुखली, गाठ जागची हलली नाही. घाईगर्दीत ती कोण सोडवणार?

आणि नदी म्हणजे कुठली? मांडवी तिथेच अरबी समुद्राला मिळते, खनिजाचे बार्ज याच पात्रातून जातात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली, १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर तिकडे लाइफ जॅकेटची सक्ती झाली. इथे वाट कशाची पाहायची?

बंदर कप्तान खात्याने संध्याकाळच्या बोटी अचानक तपासाव्यात. जॅकेट हाताशी असावीत, लहान मुलांच्या मापाचीही. बोट सुटण्यापूर्वी गाणी दोन मिनिटे थांबवून ती कशी घालायची हे मराठी, कोकणी आणि हिंदीतून दाखवावे.

– एक विद्यार्थिनी, सावंतवाडी