कुलूप आळसाचे नाही, वसुलीच्या धास्तीचे

मा. संपादक, स.न.

१५ ऑक्टोबर जवळ आला की शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिनाची धांदल उडते. डॉ. कलामांच्या प्रतिमेला हार, तासभर सामूहिक वाचन, फोटो, अहवाल. आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके परत लोखंडी कपाटात. याचे खापर शिक्षकांच्या उदासीनतेवर फोडले जाते, ते अर्धेच खरे आहे. पुस्तकाची नोंद साठा नोंदवहीत होते, म्हणजे तपासणीच्या दिवशी ते जागेवर हजर हवे. हरवले तर भरून कोणी द्यायचे, या धास्तीपोटी किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहते.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनी (२०१७) हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. नियम २१५ नुसार, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले जाते. हिशेब कपाटातल्या पुस्तकांवर नाही, देवघेवीवर आहे, हे महत्त्वाचे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेले, तर ३५ आठवड्यांत १,४०० वेळा देवघेव होते. म्हणजे सात पुस्तकांची मुभा. जितके जास्त वाचाल तितकी सूट जास्त! जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या हाती असाच स्पष्ट आदेश आणि दर एप्रिलमध्ये फाटक्या पुस्तकांच्या निर्लेखनाची (नोंदवहीतून वजा करण्याची) सोपी पद्धत आली, तर निम्मी कुलपे आपसूक निघतील. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम म्हणून सांगून ठेवले आहे.

कुलूप निघाल्यावरचे काम मात्र शाळेचेच. चाळीस मुलांना एका वेळी ऐंशी पुस्तके पुरतात. दर महिन्याला त्यातली वीस शेजारच्या वर्गाशी बदलावीत. कणा बाहेर ठेवून रचलेले पुस्तक लहान मुलाला दिसतच नाही, त्याला मुखपृष्ठ दिसले पाहिजे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सुतळी बांधून पुस्तके मधोमध उघडून टांगतात. दिसते छान, पण सारे वजन पिनांवर येते आणि मधले पान महिन्याभरात सुटते. त्याऐवजी पहिली-दुसरीसाठी जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर अरुंद फळी ठोकावी, पुढे इलॅस्टिक ताणावे आणि पुस्तके उभी ठेवावीत. खिडकीसमोर नको, उन्हाने रंग उडतो.

दुरुस्तीत सर्वांत मोठी शत्रू चिकटपट्टी. ती पिवळी पडते आणि कडेने सुटलेला चिकटा शेजारचे पान धरतो. पांढऱ्या पतंगी कागदाची बोटभर पट्टी आणि मैद्याची खळ (एक चमचा मैद्याला पाच चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत) पुरते. रात्रभर वजनाखाली ठेवावे. रंगीत पतंगी कागद घेऊ नये, ओलसर खळीने रंग पसरतो. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) घालतात. मुलांच्या पुस्तकांत तो मुळीच नको, कारण ही पुस्तके तोंडातही जातात. कोकणात पावसाळ्यात पिना गंजतात. त्या काढून तीन भोकांतून दोरा घालावा: मधल्यातून बाहेर, वरच्यातून आत, थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ आतल्या लांब टाक्यावर.

आता वाचनाकडे. परिपाठानंतर रोज पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचावे. पुस्तक छातीशी नको, बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर धरावे. चित्र बघायला वेळ द्यावा, मगच पान उलटावे. तेच पुस्तक मुलांनी चौथ्यांदा मागितले तर चौथ्यांदा वाचावे, कारण पुढचा शब्द आधीच ठाऊक असलेले मूल तो शब्द कागदावर शोधू लागते. कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना गोष्ट आधी त्यांच्या भाषेत सांगून मग मराठीत वाचली, तर कान अडत नाहीत.

शेवटी तात्पर्य विचारू नये. घरी नेलेल्या पुस्तकाचा सारांश तर नकोच नको. सारांश लिहायचा म्हटला की मुले सर्वांत कमी पानांचे पुस्तक उचलतात, हे कुठल्याही वर्गात आठवड्याभरात पडताळून पाहता येईल.

पुस्तक झेपेल का, हे मुलालाच ठरवू द्यावे. कुठलेही एक पान वाचायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे; मूठ झाली तर ते पुस्तक मोठ्यांसोबत वाचायचे. हिसकावून घ्यायचे नाही! मराठीत अडथळा बहुधा जोडाक्षर आणि रफाराचा असतो. म्हणून सुरुवातीच्या पुस्तकांत टाइप मोठा आणि ओळींत मोकळी जागा आहे ना, हे खरेदीआधीच पाहावे. घाऊक खरेदीत किमतीकडे पाहतात, पान उघडून कोणी पाहत नाही.

देवघेवीची वही चौथीतल्या मुलांकडे द्यावी. तारीख, पुस्तकाचा क्रमांक, नाव, परत – चार रकाने पुरेत. वरच्या हजारी पाच सुटीचा हिशेब याच वहीतून निघतो, म्हणून ती जपावी.

यंदा १५ ऑक्टोबरला शाळेत येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कार्यक्रमाचे फोटो न मागता ही वही मागावी आणि कपाटातली पाच पुस्तके उघडून पाहावीत. पाने कोरी करकरीत निघाली, तर खुलासा त्यांचा मागावा, फाटक्यांचा नको.

– प्राथमिक शाळांच्या ग्रंथालयांत काम करणारे काही शिक्षक व ग्रंथपाल