तांब्याचे पैसे आधी

चि. माईस अनेक आशीर्वाद.

राजीनाम्याची बातमी तू नानांना आधी सांगितलीस ते बरंच केलंस. दुपारपर्यंत आपल्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करायच्या दुकानात येईल त्याला त्यांचं सांगून झालं होतं, पोरगी आता स्वतःचं ऑफिस टाकतेय म्हणून. ऑफिस म्हणजे तुझ्या खोलीतलं टेबल आणि कॉम्प्युटर, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. मीही मध्ये बोलले नाही. मला फोनवर मुद्द्याचं बोलायला जमत नाही, तू लगेच "हो गं, कळलं" म्हणतेस. म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

तुझ्या कामाची मला काळजी नाही. मशीनच्या ड्रॉइंगमधलं मला काही कळत नाही, पण दोन कंपन्या तुलाच काम द्यायला तयार आहेत म्हणजे तुला ते येत असणार. काळजी एवढीच आहे की केलेल्या कामाचे पैसे तू मागशील का. त्या बाबतीत तू थेट नानांवर गेली आहेस.

नानांचा हात कसा आहे हे सावद्यापासून रावेरपर्यंत कुणालाही विचार. मोटर उघडली, काही कॉइल काळ्या आणि काही कोऱ्या दिसल्या की म्हणतात, एक फेज गेला होता. सगळ्या सारख्याच काळ्या असल्या तर मोटरवर लोड जास्त होता. पण तीच मोटर तयार झाली आणि माणूस म्हणाला, "नाना, बाग कटला की देतो," की यांचं ठरलेलं उत्तर, "दे रे, कुठं पळून चाललास." कोणता बाग, हे कधी विचारायचे नाहीत. मृगबागाची लावण जून-जुलैत, कांदेबागाची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि केळी हातात यायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे "बाग कटला की" याचा अर्थ पुढचा महिनाही होतो आणि पुढची दिवाळीही. विचारायला मी सुरुवात केली, तू अंगणवाडीत जायला लागलीस तेव्हा. उधारीची वही तेव्हापासून माझ्याकडे आहे.

आधी ती वही माणसांच्या नावावर होती. मी ती गाव आणि बाग यांवर लावली. कुणाचा बाग कधी कटणार, माल सावदा स्टेशनावरून रेल्वेनं जाणार की ट्रकनं, व्यापारी किती दिवसांत पैसे देतो, सगळं समोर लिहून ठेवायची. बाजारच्या बोर्डावर केळीचा भाव एक आणि व्यापारी देतो दुसराच, हे रडगाणं ऐकून घ्यायचं, कारण ते खोटं नसतं. फक्त शेतकऱ्याच्या हातात पैसे पडले त्याच आठवड्यात ते ऐकायचं. पुढच्या आठवड्यात ऐकलं तर पैसे खताच्या दुकानात गेलेले असतात आणि आपल्या वाट्याला नुसतं रडगाणं येतं. लग्नात, दहाव्याला, सासुरवाडीच्या पाहुण्यांसमोर मी कधी मागितले नाहीत. भरबाजारातही नाही. घरी फोन करायचा, आधी पाणी किती लागलं ते विचारायचं, मग रक्कम सांगायची. रक्कम आकड्यात सांगायची. "ते आपलं राहिलं होतं ना थोडं" असं म्हटलं की ते थोडंच राहतं.

आता मुख्य गोष्ट. मोटर भरताना, म्हणजे जळलेल्या कॉइल नव्या तारेनं गुंडाळताना, मोठा खर्च तांब्याच्या तारेचा. ती आपण जळगावहून रोखीनं आणायचो आणि गिऱ्हाइकाला उधार द्यायचो, म्हणजे आपण सावकारी करत होतो आणि तीही बिनव्याजी. मी नियम केला, तांब्याचे पैसे आधी, मजुरी बाग कटल्यावर. जुनं जळकं तांबं गिऱ्हाइकाचं. त्याच्या समोर वजन करायचं, भंगाराच्या भावानं बिलातून वजा करायचं. त्या उन्हाळ्यात काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली आणि नाना बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण मजुरी बुडाली तर नानांची मेहनत बुडते, ती सोसता येते. तांबं बुडालं की पुढच्या माणसाची मोटर भरायला तार नसते. २०२१ मध्ये तांबं भडकलं तेव्हा आणखी एक ओळ वाढवली, "हा अंदाज आठ दिवसांपुरता." कच्च्या चिठ्ठीवर का होईना, लिहून द्यायचं.

तुझं तांबं कोणतं ते तूच शोध. सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं असेल, मदतीला घेतलेल्या पोराचे पैसे असतील, चाकणला जाण्यायेण्याचा खर्च असेल. तेवढं काम सुरू करण्याआधी हातात घे. उरलेले ड्रॉइंग दिल्यावर. आणि "ताई, एवढी एक लाइन इकडे सरकवा" हे फुकटात किती वेळा, ते आधीच लिहून टाक. तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून कागदाला म्हणू दे.

रिटर्न भरायला गेले होते तेव्हा आपल्या सीएंना तुझ्यासाठी विचारून आले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. फी मागणारी वेबसाइट उघडली तर समज की ती सरकारी नाही. नोंदणीचा फायदा असा की लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं कंपनीला तुझे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम बदललाय. मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. म्हणून मार्चमध्ये आठवण करायला लाजू नकोस, त्या महिन्यात त्यांचीही गरज असते. एक मात्र ऐक. पहिल्याच पत्रात कायदा काढू नकोस. बिलावर उद्यमचा नंबर ठळक छाप. ज्याला कळायचं त्याला कळतं. टीडीएस, म्हणजे बिलातूनच कर, कापतील. तो गेला असं समजू नकोस, आयकराच्या साइटवर तुझ्या नावावर जमा दिसतोय ना ते बघत जा.

चढउताराचं म्हणशील तर आपला धंदा मोठा विचित्र. लाईट नीट राहिली की दुकान बसतं. प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच. रात्री लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि सकाळी दुकानासमोर ट्रॅक्टर उभे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, केळीला पाणी तर रोज हवं, मग काय विचारता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या घरांत पुरणाचे मांडे, लेकीबाळी झोक्यावर, आणि नाना दुकानात मोटरीत हात घालून. पावसाळा लागला की शुकशुकाट. जूनच्या तोंडाशी वादळ येऊन केळी आडवी झाली, की त्या वर्षीची वही मी पुन्हा पहिल्यापासून लिहायची. मागायला जायचं कुणाकडे? त्याच्याच डोळ्यात पाणी असायचं.

म्हणून मी नानांना पगार लावला. उन्हाळ्यात गल्ला कितीही भरो, घरात दर महिन्याला ठरलेली रक्कमच यायची, बाकी दुकानाच्या खात्यात. शेजारणी हसायच्या, मालकालाच पगार! त्याच पैशावर पावसाळ्यात तुझी फी गेली. तू पहिल्या दिवसापासून दोन खाती ठेव आणि स्वतःला पगार दे, चांगल्या महिन्यातही वाढवू नकोस. कंपनीत पीएफ कापायचे तेव्हा तू कुरकुरायचीस. आता कापणारं कोणी नाही, तर स्वतःच काप. जुना पीएफ काढून टेबल-खुर्ची आणू नकोस. आरोग्य विमा मात्र आजच बघ, कंपनीचा होता तो नोकरीबरोबर गेला.

नोटाबंदीचं तुला आठवतं का? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्हीवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जी माणसं रस्ता बदलून जायची ती स्वतः दुकानात. "वहिनी, ते मागचं राहिलं होतं." पाचशे-हजारच्या नोटा. ज्यांचं नाव वहीत होतं त्यांच्याच घेतल्या आणि बँकेच्या रांगेत उभी राहून भरल्या. इतकी जुनी वसुली ना आधी झाली, ना नंतर. धंद्यात कधी काय होईल सांगता येत नाही म्हणतात ते असं.

हल्ली वर्दळ कमी आहे, हे नाना तुला सांगणार नाहीत. सोलर पंप आले. सरकारच्या योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. मग आपल्याकडे कोण येतो? त्या योजनेतले पंप फार मोठे नसतात, त्यामुळे खोल बोअरच्या मोठ्या मोटरी अजून येतात, त्यावर चाललंय. नाना म्हणतात, चालेल. मला तसं वाटत नाही. आपल्या नंतर हे दुकान राहील असं मी धरून चाललेली नाही, म्हणून त्याचा विचार करून तू काही ठरवू नकोस.

त्या दोन कंपन्यांपैकी एकीचंच काम ऐंशी टक्के व्हायला लागलं तर तिसरी शोध. एका कारखान्याच्या सगळ्या मोटरी आपल्याकडे यायच्या, नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. त्यांच्यासाठी नाना शेतकऱ्यांना थांबवायचे. कारखाना बंद पडला, शेवटचं बिल अजून वहीत आहे. त्यानंतर किती दिवस जाड तारेची बंडलं तशीच पडून होती.

मामी येऊन गेली. आता स्थळांना काय सांगायचं, म्हणाली. मी म्हटलं, स्वतःचं आहे म्हणून सांगा. ती म्हणाली, पुण्याची नोकरी म्हटलं की लोक लगेच हो म्हणतात. मग मी तिला चहा दिला.

आजच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डबा पाठवतेय. उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी आहेत, वांगी आधी संपव. गाडी सकाळी निगडीला येईल, क्लीनरचा नंबर नाना पाठवतील. त्याचे पैसे मी इथेच दिलेत. मागितले तरी पुन्हा देऊ नकोस.

तुझी,
आई